शेतकऱ्याचें कार्ड आणि त्यास जोडलेल्या सोयी

आमच्या सभासदांपैकीं फार थोडे असे असतील कीं, ज्यांच्या घरीं बँकेनें दिलेलें कार्ड नाहीं. आणि त्याहूनही थोडे असे असतील कीं, ज्यांनीं तें पेटींतून बाहेर काढून वापरलें आहे. बहुतेक घरीं तें कार्ड सातबाऱ्याचे उतारे, जुन्या पावत्या व लग्नपत्रिका यांच्या शेजारीं, ज्या पाकिटांतून आलें त्याच पाकिटांत पडून असतें. पिकासाठीं पैसा हवा असला म्हणजे बँकेंत किंवा सोसायटींत जावयाचें, कागद भरून सगळी रक्कम एकदम उचलावयाची, आणि मार्चअखेर कोठून तरी जमवून ती भरावयाची, हा जुना परिपाठच चालू आहे. मग यांत कार्डाचें काम तें काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं.

परंतु गेल्या हंगामांत आमच्या कचेरींत एक सभासद आले, त्यांची हकीकत ऐकल्यावर या विषयावर सविस्तर लिहिणें अवश्य आहे असें आम्हांस वाटलें. त्यांनीं कपाशीवर पीककर्ज घेतलें होतें. पाऊस लांबला म्हणून त्यांनीं कपाशीचा बेत सोडून त्याच रानांत सोयाबीन पेरलें. पुढें काढणीच्या सुमारास अतिवृष्टि होऊन सोयाबीन गेलें. त्यांच्या मंडळांत सोयाबीनची विम्याची भरपाई मिळाली, शेजाऱ्यांच्या खात्यांत रकमा जमा झाल्या, यांच्या खात्यांत कांहीं आलें नाहीं. चौकशी करतां असें कळलें कीं, बँकेनें विम्याचा हप्ता वेळेवर कापला होता व तो विमा कंपनीकडे पोंचलाही होता; मात्र तो कपाशीचा होता. बँकेचे म्हणणें, पीक बदलल्याचें आम्हांस कोणी कळविलें नाहीं. सभासदांचें म्हणणें, कळवावयाचें असतें हें मला कोणी सांगितलें नाहीं. दोघेही खरेंच बोलत होते. कार्ड पेटींत पडून असलें तरी त्यास जोडलेल्या सोयी आपल्या वाटेनें चालूच असतात, आणि धन्यास त्यांची माहिती नसली म्हणजे त्या अशा भलत्याच दिशेस जातात.

तेव्हां हें कार्ड म्हणजे काय, त्यावरून पैसा कसा फिरतो, त्यास काय काय जोडलेलें आहे, आणि त्यांत आपण कोठें सावध राहावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कर्ज, खरेदी व विक्री हीं तिन्ही एकाच वहींत बांधण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. सावकार बियाणें द्यावयाचा, लग्नाला पैसा द्यावयाचा, आणि खळ्यावरून मालही न्यावयाचा. सर्व एकाच खात्यावर. सोय मोठी होती, पण वही त्याच्या घरीं आणि अक्षर त्याचें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगे उसळले तेव्हां कुणब्यांनीं सावकारांच्या घरांतून प्रथम कागदपत्र बाहेर काढून जाळले, याचें कारण यांतच आहे. पुढें स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनें ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीचा अहवाल १९५४ सालीं निघाला. शेतकऱ्यास लागणाऱ्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा जेमतेम शेंकडा तीन आहे असें तींत आढळून आलें, आणि कर्ज व मालाची विक्री यांची सांगड घालावी, जमिनीच्या तारणापेक्षां उभ्या पिकाकडे पाहून कर्ज द्यावें, अशी शिफारस तिनें केली. साखर कारखान्याकडून उसाच्या बिलांतून सोसायटीची वसुली कापून घेण्याची जी पद्धति आपल्याकडे रुळली आहे, ती याच विचाराची. म्हणजे जोडणी जुनीच आहे. बदललें आहे तें इतकेंच कीं, वही आतां यंत्रांत गेली, आणि ती वाचण्याचा अधिकार आपला असूनही वाचण्याची संवय आपणांस नाहीं.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं निघाली. श्री. आर. व्ही. गुप्ता यांच्या समितीच्या सूचनांवरून नाबार्डनें तिचा नमुना आंखून दिला. त्या वेळचें कार्ड म्हणजे एक जाड कागद व त्यासोबतचें खातेपुस्तक. यंत्राशीं त्याचा संबंध नव्हता. २०१२ सालीं श्री. भसीन यांच्या कार्यगटाच्या अहवालानंतर योजना सुधारली आणि यंत्रांत चालणारें कार्ड द्यावें असें ठरलें. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें 'रुपे' नांवाची देशी कार्डपद्धति सुरू केली. हल्लीं बँका व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका जें किसान कार्ड देतात तें बहुधा याच पद्धतीचें असतें. २०१९ पासून गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या व मासे यांच्या धंद्यासही तें मिळूं लागलें आहे.

मर्यादा व व्याज

कार्डावरील मर्यादा कोणाच्या मर्जीनें ठरत नाहीं; तिचें गणित ठरलेलें आहे. पिकाचा हेक्टरीं कर्जदर जिल्ह्याची तांत्रिक समिति दरवर्षीं ठरविते. त्यास पेरणीच्या क्षेत्रानें गुणावें. आलेल्या रकमेच्या शेंकडा १० काढणीनंतरच्या व घरखर्चासाठीं, आणि शेंकडा २० औतें, पंप, पाईप वगैरेंच्या दुरुस्तीसाठीं मिळवावे. शिवाय विम्याचे हप्ते. समजा, हेक्टरीं दर ६०,००० रुपये आहे व क्षेत्र २ हेक्टर आहे. तर मूळ रक्कम १,२०,०००. तींत १२,००० व २४,००० मिळवून १,५६,००० रुपये झाले, आणि वर विम्याचे हप्ते. पुढील प्रत्येक वर्षीं खर्चवाढीबद्दल शेंकडा १० वाढ धरतात, म्हणजे हप्ते सोडून दुसऱ्या वर्षीं १,७१,६०० आणि पांचव्या वर्षीं सुमारें २,२८,४०० रुपये. पांच वर्षांसाठीं कागद एकदांच करावयाचा, दरवर्षीं फक्त आढावा. हें गणित ज्यानें स्वतः एकदां मांडून पाहिलें आहे त्यास बँकेंत कमी मर्यादा सांगितली तर विचारतां येतें. ज्यानें मांडलेलें नाहीं तो मिळेल तें घेऊन येतो.

आतां व्याजाविषयीं. हें खातें कॅश-क्रेडिटचें आहे. जेवढी रक्कम ज्या दिवशीं उचलली, तेवढीवरच त्या दिवसापासून व्याज. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्र सरकारच्या सवलतीनें दर शेंकडा ७ आहे, आणि मुदतींत फेडणारास आणखी ३ ची सूट मिळून तो ४ वर येतो. आतां एकानें १ जूनला एक लाख रुपये एकदम उचलले व जानेवारीअखेर भरले, तर आठ महिन्यांचें ७ टक्क्यांनीं व्याज ४,६६७ रुपये होतें. दुसऱ्यानें तेच एक लाख, ४०,००० जूनमध्यें, ३०,००० ऑगस्टमध्यें व ३०,००० ऑक्टोबरमध्यें, लागतील तसे कार्डानें उचलले, तर त्यास ३,६१७ रुपये पडतात. एक हजार पन्नास रुपयांचा फरक केवळ पैसा घरीं निजवून न ठेवण्याचा. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं मुदतींत फेडणारास तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाहीं, मग हा हिशेब कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर, ती सवलत मुदत पाळणारासच आहे. ज्या वर्षीं भाव पडतो किंवा पाऊस फसतो, त्याच वर्षीं मुदत चुकते, आणि त्याच वर्षीं हे हजार रुपये जड जातात.

कार्डाचा खरा उपयोग तो हाच. बँकेची वारी व तेथील रांग यामुळें माणूस एकदम पैसा उचलतो. पैसा घरीं आला कीं त्यास वाटा फुटतात. लागेल तेव्हां व लागेल तेवढाच उचलण्याची सोय झाली म्हणजे निम्मा उधळेपणा आपोआप थांबतो.

दुकानांतील दोन यंत्रें

दुकानांत कार्ड घातल्यावर काय घडतें हेंही थोडक्यांत सांगतों. कार्डावर जो लहानसा सोनेरी चौकोन असतो तो एक प्रकारचा शिक्का आहे. त्याची नक्कल करणें जुन्या काळ्या पट्टीच्या नकलेसारखें सोपें नाहीं, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें २०१८ अखेरपर्यंत पट्टीचीं जुनीं कार्डें बदलून शिक्क्याचीं देण्याचें ठरलें. आपण गुप्त अंक दाबला कीं दुकानदाराच्या बँकेकडून निरोप मधल्या संस्थेकडे, तिच्याकडून आपल्या बँकेकडे जातो. आपली बँक शिल्लक पाहून होकार वा नकार देते, आणि तो त्याच वाटेनें परत येतो. सर्व कांहीं क्षणांत होतें. दुकानदारास पैसा मागाहून बँकांच्या आपसांतील हिशेबानें मिळतो. या कामाबद्दल बँका पूर्वीं दुकानदाराकडून कांहीं टक्के घेत. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर तो आकार बंद आहे. सबब 'कार्डानें दिलेत तर दोन टक्के जास्त पडतील' असें कोणी म्हणूं लागला तर तें मान्य करूं नये.

याची दुसरी बाजूही आहे. आकार नाहीं म्हणजे यंत्र बसविणारास त्यांतून मिळकत नाहीं, आणि म्हणूनच लहान गांवांत यंत्र बसविण्याचा उत्साह कमी. रिझर्व्ह बँकेनें २०२१ पासून कांहीं वर्षें लहान गांवांतील यंत्रांसाठीं एका निधींतून मदत दिली, ती याच अडचणीमुळें. यंत्र बसविणारे मग नफा दुसरीकडे शोधतात; यंत्रासोबत दुकानदारास हिशेबाची वही, उधारीची नोंद, मालाची मोजदाद, कधीं त्याच्या विक्रीवरून कर्जही देतात. शहरांतील दुकानांत या गोष्टी जोडूनच विकल्या जातात. आमच्या मतें कृषि सेवा केंद्राच्या दुकानदारासही त्यांचा उपयोग आहे, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें तेथील जोडणीचा प्रश्न निराळाच आहे, आणि तो कोणीही डोळे उघडून पाहिला तर दुकानाच्या फळीवरच दिसतो.

त्या फळीवर दोन यंत्रें असतात. एक खताचें, एक पैशाचें. खताचें यंत्र केंद्र सरकारच्या खत खात्याचें. पूर्वीं अनुदित खत जिल्ह्यांत पोंचलें कीं कंपनीस अनुदान मिळत असे. मग तें खत शेतांत गेलें कीं दुसऱ्या एखाद्या कारखान्यांत, हें कोणी पाहत नसे. २०१८ च्या मार्चपर्यंत सर्व देशांत अशी पद्धति बसविली कीं, शेतकऱ्यानें आधार क्रमांक देऊन अंगठा लावावा, विक्रीची नोंद यंत्रांत व्हावी, आणि त्या नोंदीवरून कंपनीस अनुदान मिळावें. त्यासाठीं दोन लाखांच्या वर यंत्रें दुकानांत बसलीं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांस मिळते ती या अनुदानामुळेंच. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे. या यंत्रांतून जी पावती निघते तींत गोण्यांची संख्या, किंमत व सरकारनें भरलेलें अनुदान छापलेलें असतें.

पैशाचें यंत्र मात्र बँकेचें. त्यास गोण्या कळत नाहींत, रक्कम कळते. आणि हीं दोन्ही यंत्रें शेजारीं बसून एकमेकांशीं बोलत नाहींत. याचा परिणाम काय होतो तो पाहा. युरियाच्या तुटीच्या दिवसांत पांच गोण्या मागणारास 'त्याबरोबर हें विद्राव्य खत न्या, ही शिशी न्या' असें सांगण्यांत येतें; याला बाजारांत 'लिंकिंग' म्हणतात, व तें बेकायदेशीर आहे. खताच्या यंत्रांत पांच गोण्यांचीच नोंद होते, तींत भाव बरोबर असतो; जास्तीची रक्कम रोखीनें निराळी घेतली जाते आणि तिचा मागमूस राहत नाहीं. तींच रक्कम कार्डानें दिली असतां खात्याच्या उताऱ्यावर दिवस, दुकान व पूर्ण रक्कम राहते. खताची पावती व बँकेचा उतारा शेजारीं ठेवले कीं फरक किती व कशाबद्दल, हें तालुका कृषि अधिकाऱ्यापुढें मांडतां येतें. दोन यंत्रें एकमेकांशीं बोलत नसतील तर त्यांना आपण बोलावयास लावावें, असा हा उपाय आहे. आणि त्यास खर्च कांहीं नाहीं. पक्कें बिल व खताची पावती या दोन्ही हातांत घेतल्यावांचून दुकानाची पायरी उतरूं नये.

उद्यां हीं यंत्रें खरोखरीच एक झालीं तर? बी, खत व औषध यांची सर्व खरेदी आपोआप बँकेच्या वहींत उमटेल. कर्ज पिकासाठींच वापरलें याचा पुरावा आयताच तयार होईल. पण तीच नोंद पाहून पुढल्या वर्षीं 'तुम्ही खत कमी घेतलें, मर्यादा कमी करतों' असें म्हणतां येईल, आणि ज्यानें शेणखतावर पीक काढलें त्यास आळशी ठरवितां येईल. जोडणी करावी, परंतु जोडलेली नोंद शेतकऱ्यास प्रथम दिसावी व चुकल्यास दुरुस्त करतां यावी, ही अट आम्ही मोठी मानतों.

विमे

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. तींत शेतकऱ्याचा वांटा खरीप पिकांस शेंकडा २, रब्बीस दीड, आणि नगदी व फळपिकांस ५ असा आहे. महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षें एका रुपयांत विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन पुन्हां वरील वांटा भरावा लागूं लागला. कर्जदारांस २०२० पर्यंत विमा सक्तीचा होता. त्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. परंतु हें ऐच्छिकपण उलट्या बाजूनें आहे. विमा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या निदान सात दिवस अगोदर बँकेस तसें लेखी कळवावें लागतें. न कळविल्यास बँक हप्ता कापतेच. आणि तो ज्या पिकावर कर्ज मंजूर आहे त्याच पिकाचा कापते. पीक बदललें तर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीं बँकेस कळवावयास हवें. आमच्या सभासदांचें नुकसान झालें तें या एका ओळीच्या अर्जाअभावीं.

येथें कोणी म्हणेल, ई-पीक पाहणींत मीं सोयाबीनच नोंदविलें होतें, मग सरकारास ठाऊक नव्हतें काय? २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या राज्यांत पीकपेरा शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून नोंदवावा अशी व्यवस्था आहे, आणि वाद पडल्यास ती नोंद पाहतातही. परंतु तलाठ्याच्या दप्तरांत सोयाबीन गेल्यानें बँकेच्या वहींतील कपाशी पुसली जात नाहीं. उलट दोहोंत फरक दिसला म्हणजे कपाशीचा दावाही पडतो, कारण रानांत कपाशी नव्हती. सातबारा, पीक पाहणी, कर्जाचें पीक व विम्याचें पीक हीं चारही एक असलीं पाहिजेत. कोणत्या प्रकारच्या हानीस भरपाई मिळते हें अलीकडे वर्षावर्षाला बदलत आहे. तेव्हां गेल्या वर्षींच्या अनुभवावर न विसंबतां चालू हंगामाचा शासन निर्णय पाहावा.

अपघात-विम्याची गोष्ट निराळी. रुपे कार्डास अपघाताचा विमा जोडलेला असतो. जनधन खात्याच्या कार्डावर तो २८ ऑगस्ट २०१८ नंतर दिलेल्या कार्डांस दोन लाखांचा व त्यापूर्वींच्यांस एक लाखाचा आहे. हप्ता शेतकऱ्यास पडत नाहीं. अट एकच, पण ती घातक आहे: अपघाताच्या दिवसापूर्वींच्या ९० दिवसांत त्या कार्डानें निदान एक व्यवहार यशस्वी झालेला असावा. पेटींतल्या कार्डाची विधवेस भरपाई मिळत नाहीं, ती यामुळें. दोन महिन्यांतून एकदां शंभर रुपये काढले किंवा दुकानांत किरकोळ खरेदी केली तरी अट पुरी होते. आपल्या किसान कार्डास कोणता विमा व किती रकमेचा, हें आपल्या शाखेंत लेखी विचारून घ्यावें. कार्डाच्या जातीप्रमाणें तें बदलतें. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा मात्र कार्डाशीं संबंध नाहीं. मृत्यूस दोन लाखांचें तें अनुदान राज्य सरकारचें असून त्यासाठीं अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. एक मिळालें म्हणून दुसरें मागतां येत नाहीं, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक घरीं बसतात. दोन्ही कागद करावे.

दुधाच्या संस्थांची जोडणी

जोडणी नीट झाली म्हणजे कशी असते याचा नमुना पाहावयाचा तर गुजरातकडे पाहावें. तेथें बनासकांठा व पंचमहाल या दोन जिल्ह्यांत २०२३ सालीं असा प्रयोग आरंभिला कीं, गांवच्या दूध संस्थेसच जिल्हा मध्यवर्ती बँकेचें बँकमित्र करावें, तिच्याकडे पैसे देण्याघेण्याचें हातयंत्र द्यावें, आणि सभासदांस रुपे किसान कार्ड द्यावें. दुधाचे पैसे सभासदाच्या खात्यांत जमा होतात, व संध्याकाळीं दूध घालावयास आलेली बाई त्याच ओट्यावर लागतील तेवढे काढून घेते. तालुक्याची खेप वांचली, आणि गांवचा पैसा गांवच्या बँकेंत राहिला. संस्थेच्या वहींत कोणी किती दूध घातलें याची नोंद असल्यानें म्हशीसाठीं कर्ज देतांना बँकेसही निराळा पुरावा मागावा लागत नाहीं.

याचें मर्म असें कीं, यंत्र अशा जागीं आहे जेथें माणूस रोज दोनदां येतो, आणि वही अशा संस्थेची आहे जिचा तो स्वतः सभासद आहे. आपल्याकडे दूध संस्था आहेत, विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, जिल्हा बँकाही आहेत. केंद्र सरकारनें २०२२ सालीं देशांतील ६३,००० प्राथमिक सोसायट्यांचीं दप्तरें संगणकावर नेण्याची योजना मंजूर केली, तींत आपल्याही सोसायट्या आहेत. परंतु दप्तर संगणकावर गेलें म्हणजे काम झालें असें नव्हे. गटसचिव आठवड्यांतून एक दिवस येणार असेल तर संगणकही आठवड्यांतून एकच दिवस चालणार.

दुसरा प्रयोग रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राचा. सप्टेंबर २०२२ मध्यें मध्यप्रदेश व तामिळनाडू येथें त्यानें किसान कार्डाचें कर्ज कागदावांचून देऊन पाहिलें. जमिनीची नोंद, ओळख व पूर्वींचीं कर्जें यंत्रानेंच तपासावयाचीं. पूर्वीं दोन ते चार आठवडे लागत तें काम मिनिटांवर आलें. पुढें २०२३ सालीं त्यासाठीं सर्व बँकांस वापरतां येईल असें एक व्यासपीठ तयार झालें. महाराष्ट्रांत १५ एप्रिल २०२५ पासून कृषि योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केला आहे, तोही याच वाटेवरचा. ज्यांचा उतारा स्वच्छ आहे त्यांस हें वरदानच आहे. ज्यांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचें नांव आहे, वारसनोंद झाली नाहीं, वांटप तोंडी आहे, किंवा जे खंडानें रान करतात, त्यांस यंत्र मिनिटांतच नकार देईल. कारकून निदान ऐकून तरी घेतो. म्हणून वारसनोंदीचें व पोटहिश्श्याचें काम ज्यांचें राहिलें असेल त्यांनीं तें या उन्हाळ्यांतच उरकावें.

चोरी व चूक

कार्डाचा गुप्त अंक मुलास, दुकानदारास वा बँकमित्रासही सांगूं नये, हें सर्वांस ठाऊक आहे. तरी तो कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत. अंगठ्याविषयीं मात्र आमच्या लोकांस वाटतें कीं, तो चोरतां येत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे करून आधारच्या यंत्रानें खात्यांतून पैसे काढल्याचीं प्रकरणें अनेक राज्यांत उघडकीस आलीं आहेत. आधारच्या व्यवस्थेंत ठशाला कुलूप घालण्याची सोय आहे. खत घ्यावयाचें असेल त्या दिवशीं तें उघडावें, एरव्हीं बंद ठेवावें. बँकमित्र 'उमटला नाहीं, पुन्हां लावा' म्हणेल तेव्हां आधींच्या खेपेची रद्द झाल्याची पावती मागावी.

पैसे कापले गेले पण यंत्रांतून आले नाहींत, असें पुष्कळदां होतें. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या आज्ञेप्रमाणें बँकेनें ते पांच दिवसांत आपण होऊन परत करावयाचे. त्यापुढें दर दिवशीं १०० रुपये भरपाई, तीही न मागतां. दुकानांत कार्ड चालून दुकानदारास खात्री मिळाली नाहीं तर तोच नियम. कोणी परभारें पैसे काढले, व त्यांत आपली वा बँकेची चूक नसली, तर निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेस कळविल्यास आपला तोटा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास साध्या बचत खात्यास जास्तींत जास्त १०,००० रुपये, जनधनसारख्या मूळ खात्यास ५,०००. हा नियम २०१७ चा असून सहकारी बँकांसही लावलेला आहे. गुप्त अंक आपणच सांगितला असेल तर कळविण्यापूर्वींचा सर्व तोटा आपला. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर सांगावें, आणि बँकेस लेखी द्यावें. बँकेनें ३० दिवसांत दाद दिली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करतां येते. जिल्हा मध्यवर्ती व राज्य सहकारी बँकांस त्याच्या कक्षेंत आणण्याचें २०२५ सालीं जाहीर झालें आहे. निरोप येण्यासाठीं खात्यास आपलाच मोबाईल क्रमांक जोडलेला असावा. कर्ज काढतांना मध्यस्थाचा क्रमांक लिहिला गेल्याचीं तीन उदाहरणें आमच्याच सभासदांत सांपडलीं.

वर सांगितलेल्या सभासदांचें प्रकरण अद्याप मिटलेलें नाहीं. ज्या सभासदांनीं यंदा कर्जाच्या पिकाहून निराळें पीक पेरलें आहे किंवा पेरण्याचा बेत केला आहे, त्यांनीं खातेपुस्तक, सातबाऱ्याचा उतारा व कार्ड घेऊन आमच्या कचेरींत यावें. पीकबदलाच्या अर्जाचा नमुना तेथें छापून ठेविला आहे. त्याची एक प्रत बँकेंत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी, आणि ती पोंच कार्डाच्याच पाकिटांत ठेवावी.